नाशिक-त्र्यंबकची नामावळ: वंशावळीला पक्की, तारखेला कच्ची

तीर्थयात्रेचा अभ्यास करणाऱ्याला नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या, म्हणजे नामावळी, टाळून चालत नाही. कोण आलं, कुठल्या गावचं, सोबत कोण, अस्थी घेऊन की सिंहस्थाला, हे यजमानाच्याच, म्हणजे आलेल्या यात्रेकरूच्याच, सांगण्यावरून लिहिलेलं सापडतं. सही येणाऱ्याने खाली सहीही केलेली असते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातल्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात (शके 1195 ते 1199) देणगीदारांची नावं आहेत, पण त्यांच्या बापाआजाचा, भावंडांचा असा पाढा तिथे मिळत नाही.

वही काढायची तर आडनावाआधी मूळ गाव सांगा. कुलकर्णी, देशमुख, पाटील गावोगाव आहेत. आणि वडगाव-पिंपळगावही ढिगाने आहेत, तेव्हा तालुका हवाच. जिल्हा जुन्या नावाने विचारला तर लवकर जमतं: जळगाव 1960 पर्यंत पूर्व खानदेश होता, रायगड 1981 पर्यंत कुलाबा. आजोबा-पणजोबांची नावं कागदावर लिहून न्या. एका घरी नोंद नाही म्हणून परत फिरू नका. उपाध्यायांच्या घरात वाटण्या झाल्या की यजमानांची गावंही वाटली जातात, वही चुलत घराकडे गेलेली असते. नाशिक आणि त्र्यंबकच्या वह्या वेगळ्या, दोन्हीकडे विचारावं लागतं.

खरी गोची तारखेत आहे. जुन्या नोंदी मोडीत, शके आणि तिथी घालून. शकात 78 मिळवायचे. 1 जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत 79. म्हणजे शके 1801चा श्रावण 1879 सालचा, पण त्याच शकातला माघ 1880चा. ही चूक छापील कुलवृत्तांतांतही दिसते. दुसरं, वही जीर्ण झाली की नोंदी नव्या वहीत उतरवून घेतात. सलग चार पिढ्या एकाच हाताच्या, एकाच शाईच्या असतील तर ती नक्कल समजा आणि मूळ वही आहे का ते नम्रपणे विचारा. नकलेत नातं सहसा टिकतं, आकडा घसरतो. शके गाळून नुसता संवत्सर, म्हणजे वर्षाचं नाव, लिहिला असेल तर तो दर 60 वर्षांनी फिरून येतो, हेही ध्यानात ठेवा.

मोडी येत नसेल तर वाचणारा सोबत न्या; गुरुजी भराभर वाचतात ते टिपून घेणं कठीण. फोटो विचारूनच, फ्लॅशशिवाय. कुंडावरून ओल्या हाताने थेट पानाला हात लावू नका, काजळाची शाई लगेच पसरते. दक्षिणा आधी बोलून घ्या. पावतीची अपेक्षा नको.

बायकांच्या बाबतीत या नोंदी तोकड्या आहेत. सून म्हणून नाव येतं, माहेर क्वचित. लेकींचा माग त्यांच्या सासरच्या गावाच्या वहीत काढावा लागतो.

हरिद्वारच्या वह्यांचं अमेरिकेतल्या युटाच्या जिनिऑलॉजिकल सोसायटीने मायक्रोफिल्मिंग केलं आहे, त्यामुळे तिथलं बरंच काम घरबसल्या होतं. इथे मात्र समोर बसूनच. सिंहस्थाच्या आणि पितृपक्षाच्या गर्दीत जाऊ नका, गुरुजींना वही उघडायला उसंत नसते.