चहा पावडरीतलं कॅफिन तपासून घ्यायचं असेल तर सांगलीतली ही लॅब बरी आहे

मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीची न् बेदाण्याची टेस्टिंग करणारी जी लॅब आहे ना, तिथं चहाचं कॅफिन पण मोजून देतात हे बऱ्याच जणांना माहीत नाही. तिथं दिवसभर हळदीचं करक्युमिन (तिचा पिवळेपणा देणारा घटक) नाहीतर बेदाण्यातली फवारणीची औषधं तपासायचं काम चालू असतं, त्यात मी चहाच्या पुड्या घेऊन गेलो तर काउंटरवरचा पोरगा जरा बघतच राहिला.

माझा चहाचा गाडा आहे न् पावडर मी स्वतः मिक्स करतो. गिऱ्हाईक म्हणायचं तुमचा चहा प्यायला की रात्री झोप येत नाही, दुसरा म्हणायचा ग्रीन टी ठेवा त्यात कॅफिन नसतं. म्हटलं एकदा आकडाच काढून घेऊ. आसाम सीटीसी (दाणेदार चहा), बारीक डस्ट आणि ग्रीन टी अशी तीन सॅम्पलं दिली.

आतल्या मॅडम भारी आहेत. पहिलाच प्रश्न, "दादा, तुम्ही पावडर विकता का कप?" कारण पावडरीचा टक्का वेगळा न् कपात किती उतरतं ते वेगळं. मग त्यांनी सांगितलं की पावडर दळून, मॅग्नेशियम ऑक्साइड घालून गरम पाण्यात ठेवतात, गाळतात आणि ते पाणी एचपीएलसी नावाच्या, घटक वेगळे करणाऱ्या मशीनमध्ये सोडतात, तिथं कॅफिन बाकीच्या गोष्टींपासून वेगळं होऊन बाहेर पडतं न् साधारण २७२ नॅनोमीटरच्या यूव्ही प्रकाशात मोजलं जातं. नुसत्या यूव्ही मशीनवर स्वस्तात होतं, पण चहात त्याच भागात प्रकाश शोषणारं अजून बरंच काही असतं, नीट साफ केलं नाही तर आकडा फुगतो. बिल जास्त होणार होतं ते सांगायच्या आधी कारण सांगितलं, हे मला आवडलं.

रिपोर्टमध्ये तिन्ही सॅम्पलं ३ टक्क्यांच्या आसपासच निघाली, ग्रीन टी किंचित कमी पण "नसतं" वगैरे काही नाही, झाड एकच आहे शेवटी. डस्टमध्ये पण फार जास्त नाही, ती बारीक असल्यामुळं लवकर उतरते एवढंच, आणि आपण तर खळाखळा उकळतो त्यामुळं बहुतेक सगळंच कपात येतं. म्हणजे २ ग्रॅम पावडरीला जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम धरा. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं असं युरोपची अन्न सुरक्षा संस्था म्हणते, गरोदर बाईला २००. आता माझ्याकडं सहा-सात कटिंग मारणारी माणसं आहेत, त्यांची झोप माझ्या पावडरीनं उडत नाही, कपांच्या हिशोबानं उडते, हे मी आता तोंडावर सांगतो.

दुधाचा चहा तपासून मागितला तर नको म्हणाल्या, दुधातलं प्रोटीन न् फॅट आधी काढावं लागतं नाहीतर मशीनचा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) चोंदतो, त्याचे पैसे वेगळे. कोरा उकळून आणा म्हणाल्या.

तक्रारी आहेत. रिपोर्टची तारीख सांगितली एक न् मिळाला बऱ्याच उशिरा, फोन लावला की "साहेब बाहेर गेलेत". जीएसटी आधी बोलले नाहीत. रिपोर्ट सगळा इंग्रजीत. आणि सॅम्पल दोनदा चालवा असं आपण म्हटलं नाही तर एकदाच चालवतात, हे मला तरी पटलं नाही.

यूट्यूबवर बघून डायक्लोरोमिथेनसारखं सॉल्व्हंट (विरघळवणारं रसायन) आणून घरी कॅफिन काढायला बघणारे पण आहेत, ते वाफेनं डोकं गरगरवतं, त्या भानगडीत पडू नका. सरळ लॅबमध्ये द्या.

जाणार असाल तर पुडी हवाबंद न्या, ओल धरली तर टक्का हलतो, आणि रिपोर्ट कोरड्या वजनावर (ओल वजा करून) दिलाय का ते फॉर्म भरतानाच विचारा. गाडी लावायला जागा नाही, सौद्याच्या वेळेत तर मुळीच जाऊ नका. मी चार स्टार देतो, एक उशिरापायी कापला.