स्ट्रेस मोजणारं घड्याळ, आठ महिने वापरल्यावर

साडेआठ हजाराचं घड्याळ आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला जे सांगायचंय ते त्या स्ट्रेसच्या आकड्याबद्दल आहे. मी सीएच्या ऑफिसात काम करते, सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटच्या वेळी रात्री अकरा-अकरा वाजतात. मागच्या वर्षी त्या दिवसांत झोप उडाली, छातीत धडधड व्हायची, डॉक्टर म्हणाले रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन कमी करा. पण टेन्शन नक्की कधी चढतं तेच मला कळत नव्हतं, म्हणून हे घेतलं.

आधी हे मोजतं कसं ते बघा, नाहीतर आकडा बघून उगाच घाबराल. मागे जे हिरवे दिवे लुकलुकतात तो प्रकाश कातडीत जातो, रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो आणि सेन्सरला नाडीची लाट दिसते. यालाच पीपीजी म्हणतात. आता नाडी मिनिटाला 60 असली तरी ठोके बरोबर एकेका सेकंदाने पडत नाहीत, कधी 0.95 कधी 1.04, श्वास घेताना जरा भरभर आणि सोडताना सावकाश. माणूस निवांत असला की हा फरक जास्त असतो, ताणात सहसा कमी होतो. यालाच एचआरव्ही म्हणतात, आणि माझ्या घड्याळाचा 0 ते 100 चा स्कोअर मुख्यतः यावरच बेतलेलाय. म्हणजे मनात काय चाललंय ते त्याला दिसत नाही, शरीर किती ताणाखाली आहे तेवढंच दिसतं.

गणपतीत अर्धा तास टाळ्या वाजवत आरत्या म्हटल्या, इतकं छान वाटत होतं, आणि घड्याळात 84, हाय स्ट्रेस! स्टेशनचा जिना चढून आलं, कडक कॉफी घेतली, भरपेट जेवण झालं तरी तेच. टाळ्यांमध्ये तर हात हलल्यामुळे लाटच बिघडते.

मैत्रीण पळायला जाते, तिचा नाडी मोजणारा छातीचा पट्टा आणून एकदा दोन्ही लावून बसले, पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून. नाडी तर जुळलीच, एचआरव्हीपण बऱ्यापैकी जवळ. मग लॅपटॉपवर एंट्र्या मारायला घेतल्या तर नाडी तशीच जुळतेय पण एचआरव्ही कुठच्या कुठे. पट्टा हृदयाचा विद्युत सिग्नल पकडतो, त्याचं टोक सुईसारखं असतं, मनगटावरची लाट गोलसर असते, तिचा नेमका क्षण पकडणं मुळातच अवघड, त्यात बोटं हलली की संपलं. माझं तर कामच दिवसभर टायपिंगचं, म्हणून ऑफिसच्या वेळेतला आकडा मी बघायचं सोडून दिलं.

रात्रीचा आकडा मात्र खरंच कामाचा निघाला. झोपेत हात स्थिर, कॉफी नाही, जिने नाहीत. जुलैत एका रात्री नेहमी विशीत असणारा स्कोअर पन्नाशीच्या वर गेला, मला काहीच होत नव्हतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 102 ताप. आणि ऑडिटच्या दिवसांत दिसलं की साडेनऊनंतर जेवले की पहाटेपर्यंत स्कोअर खाली येतच नाही. तेव्हापासून डबा आठलाच उघडते, साहेबांना सांगून, आणि झोप खूप सुधारली.

घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि नीट घट्ट बांधा, सैल असला तर बाहेरचा उजेड आत शिरतो.

राग एकाच गोष्टीचा आहे, ॲपमध्ये नुसता रंगीत गोल दिसतो, ठोक्यांमधले मूळ अंतराचे आकडे देतच नाहीत, मग डॉक्टरला दाखवणार काय? आणि भर मीटिंगमध्ये 'तुम्ही तणावात आहात' असं थरथरून सांगायची काय गरज? ते वाचूनच धडधड वाढते, ते नोटिफिकेशन पहिल्यांदा बंद करा.

आईलापण असंच घेऊन दिलं होतं. तिचे ठोके मुळातच अनियमित पडतात, त्याची गोळी चालू आहे, आणि अशा हृदयात ठोक्यांमधल्या फरकाचा ताणाशी संबंधच उरत नाही. पण फरक जास्त दिसला की घड्याळ माणूस निवांत आहे असंच समजतं, त्यामुळे तिचा स्कोअर दिवसभर मस्त शांत दिसायचा, बाबा हॉस्पिटलमध्ये होते त्या रात्रीसुद्धा. तिच्या घड्याळातलं स्ट्रेसचं पान मी काढून टाकलंय. आता तिला फक्त वेळ आणि पावलं दिसतात, आणि ती कशी आहे ते मी रोज संध्याकाळी फोन करून विचारते.