लवंग, दालचिनी, ओवा, हळद की धने: घरात कोणत्या मसाल्याचं तेल ठेवावं?

परभणीच्या माझ्या मामेबहिणीने मागच्या आठवड्यात फोनवर एक फोटो पाठवला. दुकानाच्या कपाटात ओळीने मांडलेल्या छोट्या तपकिरी बाटल्या: लवंग, दालचिनी, ओवा, हळद, धने, मिरी, जिरे. खाली तिचा प्रश्न: "ताई, यातलं कोणतं घेऊ? घरात दोन लेकरं आहेत, सासूबाईंचे गुडघे धरलेत आणि ह्यांची दाढ अधूनमधून ठणकते." तिला फोनवर तासभर जे सांगितलं, तेच इथे नीट लिहून काढते. ही तेलं हल्ली 'इसेन्शियल ऑइल' म्हणून कुठेही मिळतात, आणि डब्यातला मसाला व बाटलीतलं तेल यात किती अंतर आहे ते सांगणारं दुकानात कुणी नसतं.

येसूर, म्हणजे आपला मराठवाडी मसाला, भाजायच्या दिवशी गल्लीभर जो वास सुटतो, तो याच तेलांचा. धने, लवंग, दालचिनी तापली की त्यांच्यातलं उडून जाणारं तेल हवेत येतं. कारखान्यात तेच काम वाफेवर होतं: मसाल्यातून वाफ सोडायची, ती थंड करायची आणि पाण्यापासून वेगळं झालेलं तेल काढून घ्यायचं. लवंगेच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल निघतं, ओव्याच्या २ ते ४ टक्के, तर दालचिनीच्या सालीतून जेमतेम अर्धा ते एक टक्का. आता थेंबाचा हिशेब करा. लवंग तेलाचा एक थेंब म्हणजे अंदाजे तीन लवंगा. दालचिनीच्या साल-तेलाचा एक थेंब म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास साल. महिनाभराच्या भाज्यांत जेवढी दालचिनी पडत नसेल, तेवढी एका थेंबात. म्हणूनच "मसालाच तर आहे, त्याने काय होतंय" हे वाक्य या बाटल्यांना लागू पडत नाही.

लवंग आणि दालचिनी

लोक या दोन्ही बाटल्या एकाच खरेदीत उचलतात, पण त्यांच्या स्वभावात फार फरक आहे.

लवंगेत मुख्य द्रव्य युजेनॉल. बधिरपणा येतो तो त्याचाच. दाताचे डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरताना झिंक ऑक्साइडसोबत जे कालवतात तेही युजेनॉलच, त्यामुळे दवाखान्यातला तो वास आपल्याला लवंगेचा वाटतो. दाढेसाठी लवंग तेल ठेवणं म्हणूनच रास्त आहे, पण ते कोरं लावायचं नाही. कोरं तेल हिरडीला लागलं तर तिथली कातडी पांढरी पडून सोलते. चमचाभर तिळाच्या तेलात एक थेंब घ्या, त्यात कापसाचा बोळा बुडवून पिळा आणि फक्त दुखऱ्या दाढेवर टेकवा. पाच मिनिटांनी काढून चूळ भरा, गिळू नका. कीड त्याने जात नाही. दुखणं तात्पुरतं दबतं, तेवढ्यात दवाखाना गाठायचा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण युजेनॉल रक्त गोठण्याच्या कामात आडवं येतं.

दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना मात्र लवंग तेल कधीही लावू नका. आजीने सांगितलं असलं तरी नाही, पातळ करूनही नाही. पाच मिलीच्या बाटलीत ३५ ग्रॅमच्या आसपास लवंगांचा अर्क असतो. असं ५ ते १० मिली तेल पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या, यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर बहिणीच्या घरचा ओटा येतो. हाताला येईल तिथे खोकल्याचं औषध, त्याच्या शेजारी चमचा आणि खाली दोन वर्षांचं लेकरू.

आता दालचिनी. या एका नावाखाली दोन वेगळी तेलं विकली जातात. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड भरपूर असतं, पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल. सिनॅमाल्डिहाइड कातडीला फार झोंबतं आणि ॲलर्जी जडवतं. ती एकदा जडली की पुढे दालचिनीच्या टूथपेस्टनेही तोंड येऊ शकतं. अंगाला लावायच्या तेलात साल-तेलाची सुरक्षित मर्यादा ०.०७ टक्के धरतात. म्हणजे १०० मिली तेलात जेमतेम एक थेंब.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्यासाठी मी बाजारातून 'दालचिनी तेल' आणलं. साल की पान, बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं आणि दुकानदाराने "गरम असतं, चांगलं मुरतं" एवढंच सांगितलं. चमचाभर तेलात मी दहा थेंब टाकले, म्हणजे जवळजवळ १० टक्के. अर्ध्या तासात आईचा गुडघा लालबुंद झाला, सकाळपर्यंत त्यावर चार फोड. "औषध लागू पडतंय" म्हणून तिने रात्रभर आग सोसली, याचं मला आजही फार वाईट वाटतं. आग होणं म्हणजे गुण येणं नव्हे. चुरचुर सुरू झाली की लगेच साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचं.

त्यामुळे या दोघांत माझा कौल सरळ लवंगेला. दालचिनीच्या सालीचं तेल घरात आणूच नका. चहाला दालचिनीचा तुकडा पुरतो.

ओवा: पुरचुंडी की बाटली

ओव्याच्या तेलाचा जोर थायमॉलवर असतो. 'ओव्याचं फूल' म्हणून जे पांढरे खडे मिळतात तेही थायमॉलच. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल समभाग एका बाटलीत घातलं की तिन्ही घन पदार्थ बघता बघता पाणी होतात. हीच आपली अमृतधारा, आणि जुन्या घरांतून ती अजून असते. तिच्यातला कापूर लहान मुलांना फार घातक. एखाद-दोन ग्रॅम पोटात गेला तरी झटके येतात. बाटली घरात असेल तर कुलुपात ठेवा.

सर्दी झालेल्या लेकराच्या छातीला तव्यावर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी लावतात. तिथे ऊब हळूहळू मिळते आणि वास बेताचा येतो. आधी आपल्या मनगटाला लावून पाहिली की भाजायची भीतीही नाही. तेच काम बाटलीकडून करून घ्यायला गेलं तर सगळं बिघडतं. उकळत्या पाण्यात ओव्याच्या तेलाचे थेंब टाकून तोंडावर चादर घेतली की डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याची छाती आवळते, आणि पातेलं कलंडण्याचा धोका वेगळाच. इथे पुरचुंडीच सरस. मोठ्या माणसाच्या पाठीला चोळायला ओव्याचं तेल चालतं, मात्र ३० मिली तेलात तीनच थेंब.

हळदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीकडचे आपले लोक तिच्याकडे अभिमानाने बघतात, आणि त्याच भरात हळदीचं तेलही महाग घेतात. पण हळदीचं नाव ज्या कर्क्युमिनमुळे झालं ते वाफेवर उडतच नाही. वाफेवर काढलेल्या तेलात ते नसतं. कर्क्युमिनसाठी कुणी ही बाटली घेत असेल तर पैसे वाया. दुधात वसमतची हळद घाला.

मिरीच्या तेलात पिपेरीन उतरत नाही, म्हणून मिरीचा तिखटपणाही येत नाही, फक्त वास येतो. जिऱ्याचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे डाग पडतात. मराठवाड्याच्या उन्हात ते नकोच.

उरले धने. मला सगळ्यात पटलेली बाटली हीच. धन्याच्या तेलात बहुतांश लिनालूल, म्हणजे लव्हेंडरमध्ये असणारंच द्रव्य. स्वभाव सौम्य, वास गोडसर. सासूबाईंच्या गुडघ्यांना रात्री चोळायला ३० मिली करडईच्या तेलात सहा थेंब. करडई आपल्या रानातलीच, घाण्याचं तेल घरात असतंच. तरी खरा आराम चोळण्याने आणि शेकाने मिळतो, धन्याचा वास त्या वेळेला प्रसन्न करतो, एवढंच मी म्हणेन. गुडघे बरे होतील असं सांगणार नाही.

कोणतंही तेल पहिल्यांदा लावताना, पातळ केलेलं, कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. गरोदर बाईने यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

बाटली निवडताना

लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तेल कोणत्या भागाचं आहे ते, बॅच आणि तारीख पाहा. 'थेरप्युटिक ग्रेड' या शब्दांना भुलू नका. अशी कुठली सरकारी प्रत नाही, तो विक्रीचा शब्द आहे. 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर तो नुसता सुगंध, अंगाला लावायचा नाही.

लवंग तेलाची एक परीक्षा घरी होते. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, वरून एक थेंब सोडा. लवंग तेल पाण्याहून जड असतं. थेंब आधी पृष्ठभागावर चिकटून बसतो, काडीने हलकेच ढकलला की मोत्यासारखा गोल होऊन संथपणे तळाला जातो. वर तवंगच राहिला तर आत दुसरं हलकं तेल मिसळलंय असं समजा. ओवा आणि धने मात्र शुद्ध असूनही तरंगतात, त्यांच्यासाठी कागद वापरा. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि भज्यासारखा तेलकट डाग दिसला तर खाण्याच्या तेलाची भेसळ आहे. बाकी भेसळ अशी ओळखू येत नाही, म्हणून अगदी स्वस्त बाटली टाळलेली बरी.

घरात वापरताना कूलरच्या टाकीत ही तेलं टाकू नका. उन्हाळ्यात हा उद्योग बऱ्याच घरांत चालतो. तेल पाण्यात विरघळत नाही, प्लॅस्टिकला लागून ते मऊ पडू शकतं, आणि रात्रभर तीच हवा लेकरांच्या छातीत जाते. वास हवा असेल तर डिफ्यूझरमध्ये दोन थेंब, खिडकी उघडी, अर्ध्या तासात बंद. घरात मांजर असेल तर लवंग आणि ओवा नकोच. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत.

ठेवायची जागा थंड आणि अंधारी असावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. गॅसपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब, कारण ही तेलं पेट घेतात. वास बदललेलं जुनं धने किंवा मिरीचं तेल अंगाला लावू नका.

आणि लेकराने बाटली तोंडाला लावलीच, तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. उलटीबरोबर तेल फुप्फुसात जाण्याची भीती असते. १०८ला फोन करा किंवा सरळ सरकारी दवाखाना गाठा, आणि बाटली सोबत न्या, म्हणजे काय आणि किती गेलं ते डॉक्टरांना कळेल. डोळ्यात उडालं तर नळाच्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा.

बहिणीला शेवटी दोनच बाटल्या सांगितल्या: ह्यांच्या दाढेसाठी लवंगेची सगळ्यात लहान, आणि सासूबाईंसाठी धन्याची पाच मिलीची. दोन्हीला थेंब-थेंब गळणारं आतलं बूच आहे की नाही ते दुकानातच उघडून बघ म्हटलं, कारण उघड्या तोंडाच्या बाटलीतून एका झटक्यात अर्धं तेल बाहेर येतं. उरलेल्या पैशांचा पावशेर ओवा घे, लेकरांच्या पुरचुंडीला.