दोन दिवस कराटे: मुळशीचं शेतघर की कोथरूडचा हॉल?

ग्रीन बेल्टवर अडकून मला दुसरं वर्ष चालू आहे. तेवढ्यात दोन्ही प्रकार करून झाले. जानेवारीत मुळशीच्या बाजूला एका शेतघरावर निवासी शिबिर, शुक्रवार रात्र ते रविवार दुपार. नंतर कोथरूडला एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारचा सेमिनार, सकाळ-संध्याकाळ. आता पुढच्या हिवाळ्यासाठी नावं घेणं सुरू झालंय आणि क्लास सुटल्यावर चहाला थांबलं की कुणीतरी विचारतंच, कुठे जाऊ?

पैशांचं आधी. शिबिराचे मी ३,५०० रुपये दिले, सेमिनारचे १,२००. शिबिरात जेवण आणि गादी धरलेली होती, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. म्हणजे फरक वाटतो तेवढा मोठा नाही, पण आहे.

गंमत अशी की प्रत्यक्ष सरावाचे तास मोजले तर दोन्हीकडे अकराच भरले. फरक पडतो तो उरलेल्या वेळात. सेमिनारच्या शनिवारी दुपारी घरी आले तर गॅसवाला दारात. रविवारी दोन सत्रांच्या मध्ये नणंदेच्या घरचा साखरपुडा उरकला आणि पुरणपोळी खाऊन संध्याकाळी कुमितेला, म्हणजे जोडीच्या लढतीला, उभी राहिले. त्याबद्दल अधिक न बोललेलं बरं. शिबिरात पहाटे साडेपाचला कीहोन, म्हणजे मूळ तंत्रांचा सराव, झाला की पुढचं सत्र दहाला. मधल्या वेळात पोहे खात सगळे बोलत होते ते मावाशी-गेरीबद्दलच, म्हणजे वळून मारायच्या लाथेबद्दल. फोनला रेंज एका आंब्याखाली उभं राहिलं तरच मिळायची.

खरा फरक मात्र जमिनीचा आहे, आणि तो माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. हॉलमध्ये पायाखाली मॅट, समोर आरसा, डोक्यावर ओळीत पंखे. हेइआन शोदान या कातात (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी) तीन आगे-उकेनंतर (हात वर उचलून अडवणं) २७० अंशांचं वळण येतं. क्लासच्या हॉलमध्ये मी ते 'खिडकीकडे तोंड' असं पाठ केलं होतं, हे मला मुळशीला जाईपर्यंत माहीत नव्हतं. तिथे खिडकीच नाही. वळले आणि भलतीकडेच तोंड करून उभी. शोतोकानमध्ये, म्हणजे आमच्या कराटेच्या शैलीत, काता जिथे सुरू होतो साधारण तिथेच संपायला हवा. सरांनी प्रत्येकाच्या पायाशी एक दगड ठेवायला लावला. माझा काता संपला तेव्हा माझा दगड दोन हात लांब होता. आरशात बघून जे झेनकुत्सुदाची (पुढचा गुडघा वाकवून उभं राहणं) छान दिसायचं, ते उतारावर पुढे घसरत होतं.

पण हीच जमीन दगाही देते. मावाशी मारताना टेकलेला पाय टाचेसकट फिरायला हवा. गवतात किंवा ओल्या मातीत तो रुततो, वरचं शरीर फिरतं आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. आमच्यातल्या एका काकांचा तसाच लचकला. तेव्हा गुडघ्याची जुनी तक्रार असेल तर मी स्पष्ट सांगते, हॉल धरा. जावंच वाटलं तर वळणाच्या लाथा बांधीव अंगणात घेणार का, हे आधी विचारा.

काही जणांना माळावरचं कराटे म्हणजे सहलीचा प्रकार वाटतो. इतिहास उलटा आहे. फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये ओकिनावाहून तोक्योला प्रात्यक्षिक द्यायला गेले. त्यानंतर विद्यापीठांच्या क्लबांत कराटे पसरलं. त्याआधी ओकिनावात ते स्वतः रात्री गुरूंच्या अंगणात काता घोटत. शोतोकानमधलं 'शोतो' हे त्यांचं टोपणनाव, अर्थ पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याची लाट. शिबिराला जपानी क्लब गाशुकू म्हणतात, म्हणजे नुसतं 'एकत्र मुक्काम'. मुळशीत पाइन नव्हते, सागाची वाळकी पानं होती. अनवाणी पायांखाली ती अशी वाजत की मागचा कधी सरकला ते न बघता कळायचं.

आता हॉलच्या बाजूचं. चुका दुरुस्त होतात त्या तिथेच. सेमिनारला आलेल्या पाहुण्या प्रशिक्षकांनी माझं हिकिते (ठोसा मारताना कमरेशी मागे ओढायचा दुसरा हात) कोपरापासून धरून पाच वेळा मागे ओढलं, व्हिडिओ काढून दाखवला आणि संध्याकाळी परत तपासलं. शिबिरात शनिवारी संध्याकाळी आम्ही मोजून हजार त्सुकी (ठोसे) मारले. सहाशेनंतर कुणाचंच हिकिते जागेवर नव्हतं आणि सर काही बोललेही नाहीत. ते दमवायचंच सत्र होतं. दमल्यावर खांदे आपोआप खाली येतात, हे मला तिथे कळलं. पण चुकीची सवय असेल तर तीही तितक्याच वेळा घोटली जाते. म्हणून ग्रेडिंग (बेल्टची परीक्षा) महिन्याभरावर असेल तर शिबिराला जाऊ नका. शिवाय अंग खरं दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सोमवारी बँकेचा जिना मी कठड्याला धरून उतरले.

ऋतूचंही बघा. पावसाळ्यात त्या पट्ट्यात गी (कराटेचा पोशाख) वाळतच नाही, दोन न्याव्या लागतात. आणि रविवारी संध्याकाळी ताम्हिणीकडून परतणाऱ्या गाड्यांत भूगावला जे अडकायला होतं, त्यात शिबिराची सगळी शांती जिरते. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊलाच ऊन चटके देतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ मला पटतो. पहाटे गवत दवाने गार असतं, तेवढं सोसायचं.

मुलांना पाठवणाऱ्यांनी फीच्या आधी बाकीच्या गोष्टी विचारायच्या. मुलींच्या खोलीत रात्री कोण बाई मुक्कामाला असणार? जवळचं ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर, आणि रात्री गाडी थांबलेली असणार का? जागा धरणाच्या पाण्याला लागून असेल तर मुलं पाण्यात उतरणार नाहीत हे लेखी घ्या. तिथे बुडण्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. आमच्या शिबिरात बायकांसाठी एकच न्हाणीघर होतं आणि कपडे बदलायला पडदा. फोनवर विचारलं तेव्हा 'सगळी सोय आहे' असं सांगितलं होतं. फोटो मागवा.

नवीन पांढऱ्या बेल्टवाल्यांना मी सरळ सेमिनारला पाठवते. घरी झोपता येतं आणि तंत्रांची नावं नीट कानावर पडतात. ज्याला तीन-चार वर्षं झालीत, काता पाठ आहे पण क्लासला यायचा कंटाळा यायला लागलाय, त्याने मुळशी गाठावी. आमच्या बॅचमधल्या दोघी माझ्यासोबत आल्या होत्या. त्यातली एक दुसऱ्या दिवशी पहाटे उठलीच नाही, आणि हरकतही नव्हती कुणाची. पिठलं-भाकरी मात्र दोन वेळा हाणली तिने.

माझं ठरलंय. ऑक्टोबरमध्ये हॉल, हिकितेसाठी. डिसेंबरमध्ये परत माळ. दगड घरून नेणार आहे.