आठ महिने, दर रविवारी: बिल एव्हान्स ट्रायोची 'वॉल्ट्झ फॉर डेबी'

दिवाळीच्या बोनसमधून टर्नटेबल घेतला आणि त्याच्यासोबत पहिली तबकडी मागवली ती ही, अमेरिकन जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स आणि त्याच्या दोन साथीदारांची. आज आठ महिने झाले. एखाददुसरा रविवार सोडला तर सकाळच्या दुसऱ्या चहाबरोबर तीच लागते.

आधी तक्रार सांगून टाकते. पहिली आलेली प्रत वाकलेली निघाली. सुई वरखाली होत होती आणि पियानोचा लांबवलेला सूर थरथरत होता. गाणाऱ्याच्या गळ्यात आंदोलन खपून जातं, पियानोत ते लगेच कानाला टोचतं. दुकानदाराकडून बदलून मिळायला तीन आठवडे गेले. त्यामुळे तबकडी हातात आली की सपाट टेबलावर ठेवून डोळ्यांच्या रेषेत बघा, मगच लावा. दुसऱ्या प्रतीबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता वाजवण्याबद्दल. हे सगळं ध्वनिमुद्रण २५ जून १९६१ चं, आणि तो दिवसही रविवारच होता. न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला छोटा क्लब. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका त्या एका दिवसात झाल्या. पियानोवर बिल एव्हान्स, बासवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या उभ्या तारवाद्यावर, स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. लोक पेयं घेत बसलेले, आपापसात बोलणारे. ग्लासांची किणकिण आणि दबकी कुजबुज तबकडीत स्पष्ट ऐकू येते. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. आता त्या किणकिणीशिवाय 'माय फूलिश हार्ट' ऐकायला मिळालं तर चुकल्यासारखं वाटेल. इतक्या गडबडीत हे तिघं आवाज चढवत नाहीत, उलट आणखी हळू होतात.

पहिला महिनाभर मी हे संगीत स्वयंपाक करता करता, मोबाईलवर बोलता बोलता लावत होते. छान वाटायचं, पण लक्षात काहीच राहायचं नाही. फरक पडला तो बाबांमुळे. त्यांनी तरुणपणी काही वर्षं तबला शिकलेला. एका रविवारी ते खुर्ची ओढून समोर बसले, डोळे मिटले आणि पाचेक मिनिटांनी म्हणाले, "अगं, हा ड्रमवाला ठेका देतच नाहीये, नुसती दाद देतोय." त्या दिवशी मी पहिल्यांदा मोशनच्या हातातले तारेचे ब्रश ऐकले. झांजेवर एक हलका स्पर्श, मग नुसती वाट बघणं. पुढे काय येतंय ते तोही आपल्यासारखाच ऐकत असतो.

खरी गंमत लाफारोची. एरवी बासने खालची जमीन धरून ठेवायची असते. हा माणूस ती जमीन सोडून वर येतो आणि पियानोला जबाब देतो. एव्हान्स एक वाक्य अर्धवट सोडतो, लाफारो ते भलतीकडेच नेतो, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही. हे मोबाईलच्या स्पीकरवर कळणारच नाही. बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, तिथपर्यंत तो इवलासा स्पीकर पोचतच नाही. हेडफोन तरी लावा. आवाज मात्र कमीच ठेवा, पंख्याच्या आवाजाच्या जरा वर. मोठ्याने लावून पाहिलं, नाजूकपणा गेला.

'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही चाल एव्हान्सने आपल्या पुतणीसाठी बांधलेली. सुरुवात तीनच्या लयीत, एखाद्या लहान मुलीने गिरक्या घ्याव्यात तशी, आणि मग अलगद चारच्या लयीत शिरते. तो सांधा कुठे आहे ते पकडायला मला कितीतरी रविवार लागले. पण माझं मन दुसऱ्या बाजूवरच्या 'सम अदर टाइम'वर जडलंय. डाव्या हाताने दोनच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, झुलत ठेवायचे आणि उजव्याने त्यावर शांतपणे बोलत राहायचं. आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय आहे, म्हणून असेल, तिथे मी एकदम घरी पोचते. एव्हान्सच्या १९५८ च्या 'पीस पीस' या रचनेचं मूळही याच झुलण्यात आहे. तेही जरूर ऐका.

ध्वनिमुद्रणाच्या त्या रविवारनंतर अकराच दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. एव्हान्सने त्यानंतर काही महिने लोकांसमोर वाजवलं नाही. हे मला डिसेंबरमध्ये कळलं आणि त्यानंतरच्या रविवारी मला पहिली बाजूसुद्धा पूर्ण ऐकवली नाही.

एका बाजूला जेमतेम वीस मिनिटं मिळतात, मग उठून उलटावी लागते. याचा त्रास होईल असं वाटलं होतं. पण हल्ली सुई उचलल्यावर आम्ही दोघं लगेच उठत नाही. गेल्या आठवड्यात त्याच दिवसाच्या बैठकांतली दुसरी तबकडी, 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड', घरी आली. तिच्यात शेवटी लाफारोने स्वतः बांधलेली 'जेड व्हिजन्स' आहे. तपासली, सपाट आहे. येत्या रविवारी लावायची, बाबांना सांगून ठेवलंय.