खाऱ्या पाण्यात टिकल्या, कोठ्यात तडकल्या: ऑइल कूलरच्या ॲडमिरल्टी ब्रास नळ्या, १४ महिन्यांनंतर

आमचं जिनिंग-प्रेसिंग दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात आहे. इथलं बोअरचं पाणी जिभेला लावलं तरी कळतं. हेच पाणी गाठी बांधायच्या प्रेसचं तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरच्या नळ्यांतून फिरतं, म्हणून नळ्यांचा प्रश्न आमच्याकडे दर दोन सीझनला उभा.

आधी साध्या ७०-३० (७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त) पितळेच्या नळ्या होत्या. त्या लाल पडायच्या. चिंचेनं फार घासलेला पितळी गुंड जसा लालसर होतो, तसे आतून ठिपके. पितळेतलं जस्त पाण्यात निघून जातं आणि मागे तांब्याची भुसभुशीत जाळी उरते. नळी दिसायला शाबूत, स्क्रूड्रायव्हरनं टोचली की आरपार. प्रेस बंद असताना पाणी तेलात शिरायचं आणि टाकीतलं तेल दुधाच्या चहासारखं व्हायचं. ऐन कापसाच्या आवकीत अख्खं तेल बदलणं काय असतं, ते जिनिंगवाल्यांना सांगायला नको.

गेल्या वर्षी सप्टेंबरात पूर्ण कूलर ॲडमिरल्टी ब्रास या पितळेच्या नळ्यांनी भरून घेतला. त्यात सुमारे ७१ टक्के तांबं, २८ जस्त, १ टक्का कथील, आणि चिमूटभर आर्सेनिक, ०.०२ ते ०.०६ टक्के. जस्त धरून ठेवण्याचं खरं काम ही चिमूटच करते. स्टेनलेस घाला असं दोघांनी सुचवलं होतं. नळीची भिंत पातळ, त्यामुळे थंड होण्यात फार फरक पडला नसता. पण उन्हाळ्यात कूलर बंद राहतो, खारं पाणी आत साचतं आणि ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसला अशा पाण्यात बारीक भोकं पडतात. म्हणून नको म्हटलं.

पहिल्या सीझनला एक थेंब गळला नाही. मार्चमध्ये झाकण उघडलं तर आत एकसारखा तपकिरी थर, लाल ठिपका कुठेच नाही. तेव्हाच लिहिलं असतं तर डोळे मिटून घ्या असंच लिहिलं असतं.

या नोव्हेंबरात दोन नळ्या गळल्या. त्यात धातूचा दोष नाही. हौदावर जाळी नव्हती, रुईचा पुंजका नळीत अडकला, त्याच्या कडेनं पाणी जोरात वाहून तिथेच खड्डा पडला. दोन नळ्या बदलायच्या, तासाभराचं काम. सोबत घेतलेल्या अठरा स्पेअर नळ्या घरच्या कोठ्यात, बैलांच्या वर माळ्यावर ठेवल्या होत्या, कारण गोदाम गळतं.

पहिली नळी बसवून मिस्त्रीनं एक्स्पांडर (नळीचं तोंड फुगवून घट्ट बसवायचं हत्यार) फिरवला आणि टक्क आवाज आला. नळी उभी फाटली. दुसरीही तशीच. "भाऊ, ह्या तं आधीच तडकल्या हायेत," तो म्हणाला. उजेडात धरून पाहिल्या, अठरापैकी तेरा नळ्यांना लांबीच्या दिशेनं केसासारख्या चिरा. न वापरलेल्या नळ्यांना!

नागपूरच्या पुरवठादाराला फोन केला. त्यानं पहिलंच विचारलं, "ठेवल्या कुठे होत्या?" मला राग आला. कोऱ्या मालाची जबाबदारी माझ्यावर ढकलतो म्हणून बरंच बोललो. दोन दिवस वाचत बसलो, तेव्हा समजलं की त्याचा प्रश्न बरोबर होता. शेणामुताचा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि नळी ओढून तयार करताना धातूत राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. आणि हे पहिल्यांदा दिसलं आपल्याच देशात. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असत, ती आपोआप फुटायची. पावसाळा आला की फुटतात म्हणून त्याला नावच सीझन क्रॅकिंग पडलं. अमोनियाचं कारण १९२१ साली उलगडलं. शंभर वर्षांनी माझ्या कोठ्यात तेच घडलं.

पण पुरवठादार पूर्ण सुटत नाही. नळी तापवून मऊ केली, म्हणजे ॲनिल केली, की आतला ताण निघतो. उरलेली एक नळी वाकवून पाहिली, स्प्रिंगसारखी परत येत होती, म्हणजे कडकच. सर्टिफिकेटवर फक्त धातूंची टक्केवारी. ॲनिलिंगचा किंवा ताण तपासणाऱ्या अमोनिया चाचणीचा उल्लेख नाही. हे दाखवल्यावर त्यानं निम्मे पैसे वळते केले. बाकीचे निम्मे माझ्या माळ्याचे, ते मान्य.

नवीन ऑर्डरवर "ॲनिल केलेल्या, चाचणीच्या दाखल्यासह" असं लिहून दिलंय. नळ्या आल्यावर आधी एक वाकवून बघणार. युरियाच्या पोत्यांजवळही ठेवायच्या नाहीत, ओल लागली की त्यातूनही तोच वास सुटतो. सध्या प्रेस चालू आहे. त्या दोन नळ्यांच्या भोकांना पितळी डाट ठोकलेत, हौदावर जाळी बसवली आहे आणि तेल स्वच्छ आहे.