आत्याच्या तबकड्या, बालगंधर्वांचा आवाज आणि तो उतरवून देणारे गृहस्थ

आत्याकडून माझ्याकडे आलेल्या बालगंधर्वांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या) रेकॉर्ड मी पुण्यातल्या एका गृहस्थांकडून डिजिटल करून घेतल्या. ते हे काम राहत्या घरातल्या एका खोलीत करतात. पाटी नाही, जाहिरात नाही. ओळखीतून माणसं येतात आणि नाव कुठे छापू नका असं त्यांचं म्हणणं आहे, म्हणून इथे देत नाही. पण अशा तबकड्या अजून कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहेत, आणि असं काम करणारी माणसंही गावोगाव सापडतात. त्यांच्याकडे जाण्याआधी काय बघावं, काय विचारावं, हे सांगण्यासाठी लिहितेय. काम मला मनापासून आवडलं. दोन गोष्टी मात्र दुरुस्त करून घ्याव्या लागल्या, त्याही सांगते.

दर बाजूला दोनशे रुपये, पेनड्राइव्ह आपला. घाई केलेली त्यांना चालत नाही. तबकड्या पोस्टानं पाठवल्या तर घेत नाहीत, हातात आणून द्याव्या लागतात. हे योग्यच आहे. लाखेची तबकडी हातातून सुटली की तुकडेच होतात.

मी स्वतः पायपेटी, म्हणजे ऑर्गन, वाजवते. हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना साथ करते, त्यामुळे माझे कान आधी ऑर्गनकडे जातात आणि मग गळ्याकडे. या गृहस्थांनी पहिल्या भेटीत माझ्यासमोर एक तबकडी धुतली तेव्हाच विश्वास बसला. डिस्टिल्ड वॉटर, अगदी सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि मधला कागद कोरडा राहावा म्हणून त्यावर झाकण. एका दुकानदारानं मला पूर्वी स्पिरिटनं पुसायचा सल्ला दिला होता. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, म्हणजे तबकडी कायमची गेली. तुमच्याकडे असतील तर चुकूनही करू नका.

दुसरी पारख सुईची. एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले तबकडीची, सुई साधारण २५ मायक्रॉनची असते, ७८च्या रुंद खोबणीला ६५ ते ७५ची लागते. बारीक सुई खोबणीच्या तळाशी लोळत राहते आणि नुसती खरखर उचलते. यांच्याकडे वेगवेगळ्या जाडीच्या सुया आहेत आणि ते प्रत्येक तबकडीला दोन-तीन लावून बघतात. कारण साधं आहे. जुन्या फोनोच्या पोलादी पिना दर बाजूला बदलायच्या असत, पण घरोघरी तीच पिन पुन्हा पुन्हा चालवली जाई, आणि ती खोबणीची भिंत खरवडत राही. थोडी जाड सुई लावली की ती भिंतीच्या वरच्या, न झिजलेल्या भागाला टेकते. ज्या गाण्यांवर घराचा जीव होता ती सर्वांत जास्त झिजलेली. आमच्याकडच्या ‘दया छाया घे’ची अवस्था सर्वांत वाईट आणि तिच्यासाठी त्यांनी सर्वांत जास्त वेळ घातला. पैसे मात्र एकाच बाजूचे घेतले.

आता पहिली तक्रार. त्यांनी आधी मला ‘साफ केलेल्या’ फाइली दिल्या. खरखर जवळजवळ शून्य, मोबाइलवर ऐकायला गुळगुळीत. घरी येऊन हेडफोन लावला आणि लक्षात आलं की त्या सॉफ्टवेअरनं खरखरीबरोबर गाणंही खाल्लंय. ‘छाया’तला ‘छ’ बोथट, ‘श’ आणि ‘स’ नुसते वाऱ्यासारखे, ऑर्गनचा सूर पाण्याखालून आल्यासारखा. आधीच भोंग्यासमोर गाऊन केलेल्या जुन्या मुद्रणांत वरचे नाद फार कमी उमटत. विजेचा मायक्रोफोन १९२५ नंतर आला, त्याआधीच्या तबकडीवर असलेला ‘स’ म्हणजे कसाबसा वाचलेला. तोही पुसून टाकायचा? बालगंधर्वांच्या गाण्यात शब्द म्हणजे निम्मा जीव. तान संपवून ते शब्दावर येतात तेव्हा तो शब्द फुटलेला, चिरडलेला कधी नसतो. तो ऐकू येत नसेल तर मला ती स्वच्छता नको.

मी तसं सांगितलं. ते वाद न घालता म्हणाले, बहुतेकांना खरखर नको असते म्हणून आधी ती प्रत देतो. मग कच्ची प्रत दिली, २४ बिटची मोठी फाइल, ज्यात फक्त मोठे टकटक आवाज हातानं काढलेत. जोडीला ऐकण्यापुरती एमपीथ्री. खरखर आहेच, पण पाच मिनिटांत कान तिला विसरतात. तुम्हीही कच्ची प्रतच मागा. साफसफाई पुढे कधीही करता येते. पुसलेलं परत आणता येत नाही.

दुसरी तक्रार वेगाची, आणि ती जास्त महत्त्वाची. ७८ हा आकडा नंतर पक्का झाला. भोंग्याच्या काळातल्या कितीतरी तबकड्या त्याहून कमी-जास्त वेगानं मुद्रित झाल्या आहेत. ७४च्या वेगानं घेतलेलं गाणं ७८वर लावलं की सूर जवळजवळ एक पट्टी चढतो आणि गाणं धावायला लागतं. एका ‘मानापमान’मधल्या पदाला मला तसं जाणवलं. आवाज कोवळा, पोरगेलासा लागत होता. मी माझ्या ऑर्गनवर षड्ज, म्हणजे गाण्याचा सा, शोधला तर तो काळी एक आणि पांढरी दोन या लगतच्या पट्ट्यांच्या मध्ये पडला. गळा हवा तिथे लागू शकतो, पण मुद्रणातला ऑर्गन दोन पट्ट्यांच्या मध्ये वाजत नाही. जुन्या बाजांची पट्टी आजच्या बाजांहून थोडी वेगळी असू शकते, त्यामुळे हा पुरावा झाला नाही, पण इशारा नक्की झाला. त्यांनी ती बाजू कमी वेगानं पुन्हा उतरवली आणि आम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकली. आवाज खाली येऊन स्थिरावला, तानेतले दाणे सुटे झाले, आणि श्वास कुठे घेतलाय ते कळू लागलं. ‘बालगंधर्व बायकांसारख्या बारीक आवाजात गायचे’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऐकलेल्या फाइलींचा वेग एकदा तपासून बघावा. बालगंधर्वांनी आवाज चोरून बायकी केलेला नाही. तो मोकळा, भरलेला, स्वतःचा आवाज आहे, आणि बाईचं मन त्यात आलंय ते शब्दाच्या फेकीतून.

तबकडीवर शालू दिसत नाही, दागिने दिसत नाहीत, पदर सावरण्याची ती प्रसिद्ध ढब दिसत नाही. दिसण्याबद्दल इतकं बोललं गेलंय की गाणं मागे पडतं. या फाइली मी नाटकांच्या क्रमानं लावून ऐकल्या आणि नारायण श्रीपाद राजहंस या माणसाचं आयुष्य मला पहिल्यांदा सलग कळलं.

जन्म २६ जून १८८८. लहानपणी पुण्यात गाणं ऐकून लोकमान्यांनी ‘बालगंधर्व’ म्हटल्याची हकिकत सगळ्यांना ठाऊक आहे. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. मग ‘मानापमान’. खाडिलकरांचं नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, १२ मार्च १९११. त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी वारली आणि तरी ते नायिका भामिनी म्हणून रंगमंचावर गेले. आत्या ही गोष्ट कौतुकानं सांगायची. मला ती ऐकवत नाही. प्रयोग थांबला असता तर काय बिघडलं असतं, असं मनात येतं, आणि तरीही ‘खरा तो प्रेमा’ लागलं की मी उठत नाही.

१९१३ साली टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ला ‘स्वयंवर’ आलं, चाली गुरू भास्करबुवा बखल्यांच्या, आणि माझ्या मते त्यांच्या गाण्याचं शिखर इथेच आहे. बिहागातलं ‘मम आत्मा गमला हा’ आणि यमनातलं ‘नाथ हा माझा’ कच्च्या प्रतीत ऐका. बुवांकडून आलेली ख्यालाची शिस्त पूर्ण आहे, पण त्यांनी केलेली रुक्मिणी एक क्षणही बाजूला सरत नाही. राग दाखवायचा म्हणून एकही जागा घेतलेली नाही. साथ करणाऱ्याला हे फार शिकवतं. ते शब्द संपवताना ऑर्गनला नेमकी किती जागा सोडतात ते मी या फाइलींवरून वहीत उतरवून घेतलंय.

‘एकच प्याला’ १९१९चं. नाटककार गडकरी त्या जानेवारीत गेले आणि नाटक त्यानंतर रंगमंचावर आलं. पदं गुर्जरांची. शालूतली रुक्मिणी सोडून फाटक्या लुगड्यातली सिंधू करणं हे त्या काळच्या लाडक्या नटासाठी मोठं धाडस होतं, आणि ‘कशी या त्यजू पदाला’ ऐकताना ते कळतं. ताना आवरलेल्या आहेत, आवाज जमिनीकडे वळलेला आहे. आमची झिजलेली ‘दया छाया घे’ची तबकडी याच नाटकाची असावी, यात मला नवल वाटत नाही.

पुढच्या वर्षी ‘द्रौपदी’वर त्यांनी वारेमाप खर्च केला आणि कर्ज झालं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी त्या काळचे दुसरे मोठे गायक-नट केशवराव भोसले यांच्याबरोबर संयुक्त ‘मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. त्या रात्रीचं मुद्रण असतं तर मी या सगळ्या फाइली त्याच्या बदल्यात दिल्या असत्या.

१९३१च्या ‘कान्होपात्रा’तले अभंग, चाली मास्तर कृष्णरावांच्या, हा माझ्या संग्रहातला शेवटचा टप्पा. ‘जोहार मायबाप’ मधला आवाज विजेच्या मायक्रोफोनमुळे जवळून ऐकू येतो, आणि इथे खरखर अगदी थोडी आहे. चाळिशी ओलांडलेला गळा, थोडा जड, पण चोखोबांचा अभंग म्हणताना त्यात जी लीनता आहे ती ‘मानापमान’च्या वयात आली नसती. पुढे बोलपट आले. प्रभातच्या चित्रपटात त्यांनी संत एकनाथ केले आणि पुन्हा नाटकाकडे परतले. १९६४ साली पद्मभूषण मिळालं. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली, पण ते उभं राहून उघडलं २६ जून १९६८ला, आणि नारायणराव आदल्या वर्षीच्या १५ जुलैला गेले होते.

एक मर्यादा सांगायला हवी, ती या सेवेची नाही, तबकडीचीच. दहा इंची बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. नाटकात तेच पद वन्समोअर घेत घेत कितीतरी वेळ चाले, मागे थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी. तबकडीवर त्यातलं स्थायी-अंतरा आणि मोजक्या जागा तेवढ्या आहेत. त्यावरून त्यांच्या बैठकीचा अंदाज बांधू नये. त्यांच्याच वाटेनं गाणाऱ्या गायिका-अभिनेत्री जयमालाबाई शिलेदारांच्या गाण्यात त्या विस्ताराची खूण सापडते, ती शेजारी ठेवून ऐकावी.

बारीकसारीक उणिवा. फाइलींची नावं रोमन लिपीत आणि अर्धवट होती, ‘कान्होपात्रा’चा एक अभंग ‘स्वयंवर’च्या फोल्डरमध्ये पडला होता. सांगितल्यावर देवनागरीत नीट करून मिळालं. लेबलांचे फोटो ते न मागता देतात, हे फार चांगलं. पण लेबलवर साल छापलेलं नसतं, म्हणून लेबलाशेजारी लाखेत कोरलेल्या क्रमांकाचाही फोटो मागून घ्या. मुद्रण कधीचं ते शोधायचं तर तोच धागा असतो. तडा गेलेली एक तबकडी त्यांनी सुरुवातीला नाकारली, मग माझा चेहरा बघून ठेवून घेतली आणि तुकडे जुळवून दोन्ही बाजू उतरवल्या. प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक’ आहे, पण पद पूर्ण आहे. त्याचे जास्तीचे पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत.

आत्याच्या पेटाऱ्यात अजून काही तबकड्या आहेत, त्यात हिराबाई बडोदेकरांच्याही आहेत. त्या पावसाळा संपल्यावर देणार आहे, कारण दमट हवेत धुतलेली तबकडी नीट वाळत नाही म्हणून त्या दिवसांत ते काम घेत नाहीत. वेग ठरवायच्या वेळी मी माझी पट्टी तपासायची छोटी पेटी बरोबर नेईन, असं त्यांच्याशी बोलून ठेवलंय.